अलॉयला चरा न पाडता घरच्या घरी व्हील बॅलन्सिंग

अलॉयवर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमवर, चरा पडायला खड्डाच लागतो असं नाही. काँक्रीटवर उपडं टाकलेलं चाक, वजन उचकटायला घातलेला स्क्रूड्रायव्हर, नटाच्या भोकात घासत फिरणारा जाड पाना, नाहीतर रिमच्या काठावर हातोडीने ठोकलेली वजनाची क्लिप, यांतलं काहीही पुरतं. डायमंड कट अलॉय असेल तर पंचाईत जास्त. त्याचा चकचकीत भाग लेथवर कापलेला उघडा अ‍ॅल्युमिनियम असतो आणि वर फक्त पारदर्शक लॅकरचा थर. तो फुटला की ओल आत शिरते, पांढरी बुरशीसारखी गंज थराखालून पसरते आणि लॅकर पापुद्र्यासारखं सुटायला लागतं. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. तिथे क्लिपचं लोखंड, रिमचं अ‍ॅल्युमिनियम आणि खारट ओल एकत्र आली की अ‍ॅल्युमिनियम झिजणारच.

बॅलन्सिंग, म्हणजे चाकाची हलकी बाजू शोधून तिथे वजन लावणं, घरी करता येतं, पण त्यात वजनं चिकटवणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम चाक नेमकं केंद्रात बसवण्याचं आणि सफाईचं.

दोष बॅलन्सिंगचाच आहे ना?

चाकाचं संतुलन बिघडलं की ठरावीक वेगात थरथर सुरू होते, बहुधा ताशी ८० ते ११० किलोमीटरच्या दरम्यान. पुढच्या चाकाची थरथर स्टिअरिंगवर येते, मागच्याची सीटखाली आणि फरशीत जाणवते. ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हलत असेल तर डिस्क तपासा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ते अलाइनमेंटचं काम आहे, टायरची हवाही बघा. ३०-४०च्या वेगातच चाक डुलत असेल तर टायरला फुगा आलेला असतो किंवा रिम वाकलेली असते. अशा चाकावर कितीही वजनं चिकटवली तरी ती वाया जाणार.

वाकलेली रिम ओळखायची सोपी युक्ती आहे. चाक जॅकवर उचला, शेजारी दोन विटा रचा आणि वरच्या विटेवर एक पेन्सिल अशी ठेवा की टोक रिमच्या आतल्या काठाला जेमतेम लागत नाही. चाक हाताने सावकाश फिरवा. पेन्सिल आणि रिम यांच्यातली फट एका फेरीत दीड मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-जास्त होत असेल, तर आधी रिमवाला गाठा. खड्ड्याचा मार बहुतेकदा आतल्या काठाला बसतो आणि तो बाहेरून दिसत नाही, म्हणून तपासायचा तोच.

आणखी दोन गोष्टी. पंक्चर टाळायला टायरमध्ये सीलंट ओतलं असेल तर घरचं बॅलन्सिंग विसरा. ते पातळ द्रव्य दर वेळी तळाला साचतं आणि जड बाजू दर वेळी वेगळी दाखवतं. दुसरी गोष्ट चिखल. कोकणातून आलेल्या गाडीच्या रिममध्ये आतल्या अंगाने तांबडी माती चिकटून वाळते. तेवढ्यानेही गाडी थरथरते आणि पाण्याच्या पाइपने काम फत्ते होतं.

घरी किती जमतं आणि किती नाही

१८५/६५ आर १५ मापाचा टायर घ्या. गाडी ताशी १०० किलोमीटरने जाताना हे चाक सेकंदाला १४ फेऱ्या घेतं. रिमवर एका जागी २० ग्रॅम जास्त असेल तर त्या वेगात ते सुमारे ३ किलोच्या ओढीइतकं बाहेर खेचतं, तेही सेकंदाला १४ वेळा दिशा बदलत. ५०च्या वेगात ही ओढ चौथाईवर येते, म्हणून गावात काही जाणवत नाही आणि द्रुतगती मार्गावर लागलं की कळतं.

असंतुलन दोन प्रकारचं असतं. एकात चाकाची एक बाजू सरळच जड असते. असं चाक मोकळं सोडलं की जड बाजू खाली येऊन थांबते. याला स्टॅटिक म्हणतात आणि हे घरी उत्तम सापडतं. दुसऱ्यात आतल्या काठावर वरच्या बाजूला ३० ग्रॅम जास्त आणि बाहेरच्या काठावर बरोबर समोर, खालच्या बाजूला ३० ग्रॅम जास्त, असा प्रकार असतो. उभं सोडलेलं चाक कुठेही शांत थांबतं, पण वेगाने फिरलं की डावी-उजवीकडे डुलतं. हे डायनॅमिक असंतुलन चाक फिरवून मोजणाऱ्या मशिनीशिवाय कळत नाही. बुडबुड्याचा बॅलन्सर आणा नाहीतर दांड्याचा, घरचं कोणतंही साधन इथे आंधळं.

चाक जितकं रुंद तितका हा दुसरा प्रकार त्रास देतो. त्यामुळे १४५/८० आर १२ सारखी अरुंद चाकं, मागची चाकं आणि स्टेपनी घरी बिनधास्त करा. २१५/६० आर १७ सारख्या रुंद चाकांची पुढची जोडी मशिनीवरच द्या.

सामान

चिकटणारी वजनं ५ आणि १० ग्रॅमच्या तुकड्यांच्या पट्टीत मिळतात. शिशाऐवजी लोखंडाची किंवा जस्ताची घ्या. युरोपीय संघात नव्या गाड्यांवर शिशाची वजनं २००५ पासून चालत नाहीत आणि आपल्याकडेही शिशाशिवायची सहज मिळतात. पट्टीवर ग्रॅम छापलेले असले तरी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकदा मोजून बघा.

त्याशिवाय मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन-तीन मायक्रोफायबर फडकी, हेअर ड्रायर, मासे धरायची बारीक नायलॉन दोरी, गाडीच्या ट्रिमसाठी मिळते तशी प्लास्टिकची पाचर, जॅक स्टँड, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच नट आवळणारा पाना) आणि पातळ भिंतीचा, वर प्लास्टिकचं आवरण असलेला सॉकेट. कंजुषी करायचीच तर बाकी कशावरही करा, सॉकेट आणि टॉर्क रेंचवर नको.

चाक उतरवताना

गाडी सपाट जागी, उचलायच्या चाकाच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना अडणी, पहिला गिअर. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग जॅक लावा आणि लगेच खाली जॅक स्टँड सरकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही.

गाडीसोबत मिळणारा एल आकाराचा पाना अलॉयच्या खोलगट भोकात तिरका घुसतो आणि भोकाच्या कडेला गोल चरा पाडतो. म्हणून तो सॉकेट. मधलं सेंटर कॅप समोरून उचकटू नका. चाक उतरल्यावर मागून लाकडी मुठीने हलकं दाबलं की ते सुटतं.

चाक कधीही तोंडावर जमिनीवर ठेवू नका. जुना टायर असेल तर त्यावर आडवं ठेवा, म्हणजे रिम अधांतरी राहते. नाहीतर चौपदरी गोधडी, पण आधी झटकून घ्या. तिच्यात अडकलेला वाळूचा एक कण पॉलिश पेपरचं काम करतो.

जुनी वजनं काढणं

रिमच्या आतली बाजू धुऊन कोरडी करा. जुन्या वजनाला हेअर ड्रायरने दोनेक मिनिटं ऊब द्या. हाताला गरम लागलं पाहिजे, चटका बसायला नको. मग वजन आणि रिम यांच्यामध्ये नायलॉन दोरी घालून करवतीसारखी मागे-पुढे ओढा. फोम कापला जातो आणि धातूला धातू लागत नाही. उरलेला चिकटा अंगठ्याने चोळून गोळा करा, बाकीचा प्लास्टिकच्या पाचरीने. शेवटचा थर निघत नसेल तर थोडं रॉकेल चालतं, मात्र नंतर अल्कोहोलने पुसायलाच हवं, तेलकट जागेवर नवं वजन धरत नाही. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि तारेचा ब्रश दूर ठेवा.

काठावर लोखंडी क्लिप ठोकलेली असेल तर आधी रिमच्या काठावर मास्किंग टेपचे तीन-चार थर लावा आणि क्लिप टायरच्या बाजूने ढकलून सैल करा. खेचून काढताना तिचा आकडाच रंग खरवडत जातो.

टायरच्या खाचांतले खडे काढा. हवा पुस्तिकेत सांगितली तेवढी.

केंद्र चुकलं की सगळं चुकलं

हा भाग लोक घाईत उरकतात. टायरसकट १५ इंची अलॉय चाक साधारण १६ किलोचं असतं. असं चाक केंद्रापासून एक मिलिमीटर बाजूला बसलं तर रिमवर तब्बल ८४ ग्रॅम जास्त असल्यासारखं वागतं. दशांश मिलिमीटरची चूकही ८ ग्रॅमची पडते. तुम्ही ज्या ५-१० ग्रॅमच्या मागे असता, ते या चुकीत सहज बुडतात.

म्हणून दांड्यावर चाक केंद्रात धरायला बाजारात मिळणारे मोटरसायकलछाप कोन मला पटत नाहीत. समोरचा कोन सेंटर कॅपच्या भोकात बसतो. ते भोक दिसण्यापुरतं केलेलं असतं, हबवर (गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं तो) बसणाऱ्या मागच्या भोकाशी नेमकं जुळेलच असं नाही, शिवाय चरा पडायची भीती तिथेच. घरी एकाच गाडीची चाकं करायची असतात, याचा फायदा घ्या. लेथवाल्याकडून आपल्या गाडीच्या हबची नक्कल करून घ्या.

ती अशी. २० मिमी जाडीचा, अर्धा मीटर लांब ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत पोलादी दांडा. त्यावर १४० मिमी व्यासाची अ‍ॅल्युमिनियमची तबकडी आणि तबकडीवर एक उंचवटा, जो रिमच्या मागच्या भोकात घट्ट सरकेल. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिमी आहे, पण पुस्तकी आकड्यावर जाऊ नका. रिमचं भोक व्हर्नियरने मोजा आणि उंचवटा त्याहून पाच शतांश मिलिमीटर कमी करायला सांगा. तबकडी बारवर पक्की बसवल्यावर तिचा चेहरा आणि उंचवटा एकाच सेटिंगमध्ये कापून हवेत, हे लेथवाल्याला दोनदा सांगा. चाक समोरून आवळायला बारवर आटे, एक नट आणि नायलॉनची जाड, मोठी चकती, म्हणजे समोर फक्त प्लास्टिक टेकेल.

हा बार चार ६०८ बेअरिंगवर फिरतो, स्केटिंगच्या चाकात असतात तीच. दोन लाकडी स्टँड, प्रत्येकावर दोन बेअरिंग शेजारी-शेजारी, त्यांच्या मधल्या खाचेत बार नुसता ठेवायचा. चाकाचा व्यास ६२ सेंटिमीटर, म्हणून स्टँडची उंची निदान ३५. नव्या बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट असतं. वरच्या सील काढून ते रॉकेलने धुऊन टाका आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. शेवटी बारवर गवंड्याची लेव्हल पट्टी ठेवून स्टँडखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवत बार आडवा करा.

बाजारातली अलॉय बसवली असतील तर इथेच एक गोष्ट तपासा. अनेक गाड्यांत बसावीत म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवतात, ६७.१ किंवा ७३.१ मिमी. हब आणि भोक यांच्यातली फट भरायला प्लास्टिकची हब रिंग लागते. ती नसेल तर चाक फक्त नटांवर लोंबतं आणि उत्तम बॅलन्स केलेलं चाकही थरथरतं. आधी रिंग घ्या, ती रिममध्ये बसवूनच पुढचं काम करा.

हे एवढं नको असेल तर पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत मागचं चाक तिच्या स्वतःच्याच हबवर, हँडब्रेक सोडून तपासता येतं. पण ब्रेकचा घास आणि बेअरिंगची सील आड येते, त्यामुळे मोठी चूक तेवढी सापडते. एखादं वजन गळून पडलं आहे का, एवढं पाहायला ठीक.

जड बाजू शोधणं

पंखा बंद. चाक हळूच एक फेरा फिरवून सोडा. ते लंबकासारखं झुलेल आणि थांबेल. सगळ्यात वरच्या जागी टायरवर खडूने खूण करा, ही हलकी बाजू. दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरून सोडून बघा. खूण दर वेळी वरच आली पाहिजे. दर वेळी वेगळीच जागा वर येत असेल तर चाक संतुलित तरी आहे किंवा बेअरिंग तरी अडतंय. रिमवर ५ ग्रॅम चिकटवून बघा, त्यानेही चाक हललं नाही तर बेअरिंग.

आता साधनाचीच परीक्षा. नट सैल करून चाक तबकडीवर अर्धा फेरा फिरवा, पुन्हा आवळा. खूण आताही वर आली तर दोष चाकात आहे. ती खाली गेली तर तुमच्या बारमध्येच खोट आहे, परत लेथवाल्याकडे.

रिमच्या आत, खुणेच्या रेषेत, मास्किंग टेपने २० ग्रॅम तात्पुरते लावा. चाक वळवून ते वजन घड्याळातल्या ३ वाजता जिथे काटा असतो तिथे आणा आणि बोटं काढा. वजन खाली गेलं तर जास्त आहे, वर चढलं तर कमी. पाच-पाच ग्रॅमने फरक करत जा. ३ आणि ९ दोन्ही जागी चाक जागचं हललं नाही, मग १२ आणि ६ वरही थांबलं, की झालं. ५ ग्रॅमच्या आत आलं की सोडून द्या. दुकानातल्या बहुतेक मशिनीही त्याखालचं असंतुलन शून्य म्हणूनच दाखवतात.

एका चाकाला ७०-८० ग्रॅम लागायला लागले तर वजनं वाढवू नका. टायर रिमवर अर्धा फेरा सरकवून बसवायला लावा, टायरची जड बाजू रिमच्या हलक्या बाजूसमोर आली की निम्मं काम होतं. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती त्याची हलकी बाजू, तो वॉल्व्हसमोर बसवतात.

वजन लपवून चिकटवणं

स्टॅटिकचं सगळं वजन एका काठाला लावलं तर चाक उभं संतुलित होतं, पण फिरताना डुलायला लागतं. म्हणजे एक दोष काढून दुसरा घालायचा. म्हणून वजन दोन समान भागांत, एकाच रेषेत, निम्मं आतल्या काठाजवळ आणि निम्मं स्पोकच्या मागे लावा. अगदी थोडं, १०-१५ ग्रॅम असेल तर रुंदीच्या मध्यावर एकाच जागी चालेल. टेपने चाचणी घेतली तेव्हा केंद्रापासून जेवढं लांब होतं तेवढ्याच अंतरावर चिकटवा. केंद्रापासूनचं अंतर बदललं की ग्रॅमचा हिशेब बदलतो.

स्पोकमागचं वजन नेमकं दोन स्पोकच्या मधल्या मोकळ्या जागेत आलं तर बाहेरून दिसतं. ते दोन्ही शेजारच्या स्पोकमागे वाटता येतं, पण बेरीज वाढवावी लागते. पाच स्पोकच्या चाकात शेजारचे स्पोक ७२ अंशांवर असतात, मधल्या रेषेपासून प्रत्येकी ३६ अंश. तिथे लावलेल्या वजनाचा सुमारे ८१ टक्के परिणाम मिळतो. ३० ग्रॅम हवे असतील तर दोन्हीकडे २०-२० लावा, हिशेब ३२ वर येतो. पुरेसं आहे.

चिकटवण्याआधी कॅलिपर पाहा. पुढच्या चाकात ब्रेकचं कॅलिपर रिमच्या आतल्या भिंतीच्या फार जवळ असतं, जाड वजन त्याला घासून उडतं आणि जाताना रिमही खरवडतं. त्या जागी वजनापेक्षा थोडी उंच अशी घट्ट कणकेची गोळी चिकटवा, चाक गाडीवर दोन नटांवर बसवा आणि हाताने एक पूर्ण फेरा द्या. गोळी चेपली नाही तर जागा मोकळी. चेपली तर उरलेली जाडी मोजा आणि वजनाच्या वर निदान तीन मिलिमीटर फट राहते का ते बघा, नाहीतर जागा बदला.

मग जागा अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात रिमवर न दिसणारा दमटपणा असतो, अशा वेळी हेअर ड्रायर फिरवून धातू कोमट करून घ्या. कागद सोलल्यावर गोंदाला बोट लावायचं नाही. पट्टी रिमच्या गोलाईत वाकवून ठेवा आणि प्रत्येक तुकडा अंगठ्याने दहा सेकंद दाबा. गोंद पूर्ण धरायला वेळ लागतो, निदान २४ तास चाक धुऊ नका. प्रेशर वॉशरचा फवारा थेट वजनावर नंतरही नको.

परत बसवताना

हबचा चेहरा आणि रिमची मागची बैठक साफ करा. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, पण तो ब्रश रिमला लागू देऊ नका. इथे गंजाचा पापुद्रा राहिला तर चाक तिरकं बसतं आणि आतापर्यंतची मेहनत पाण्यात जाते.

नट आधी हाताने, मग ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे समोरासमोरचे, दोन टप्प्यांत आवळा. शेवटचा टप्पा चाक जमिनीला टेकल्यावर, टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या आकड्यावर. छोट्या गाड्यांना तो बहुधा ८० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. पान्यावर उभं राहायची सवय मोडा. ७० किलोचा माणूस ३० सेंटिमीटरच्या पान्यावर उभा राहिला की टॉर्क २०० न्यूटन-मीटरवर जातो, अलॉयच्या नटाच्या बैठकी त्याने चेपतात. ५० ते १०० किलोमीटर झाले की टॉर्क पुन्हा तपासा.

चाचणी मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावर, थरथर आधी ज्या वेगात यायची त्याच वेगात घ्या. ती स्टिअरिंगवर अजून असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून बघा. थरथर सीटखाली गेली तर दोष चाकातच आहे आणि तो बहुधा डायनॅमिक. मग मशिनीवाल्याकडे जा, पण चाक लावण्याआधी चार गोष्टी त्याला सांगा: काठावर क्लिप नको, आतून चिकटणारी वजनं हवीत, चाक आवळताना समोरच्या कपाला रबर लावा, आणि जुनी वजनं मी काढून आणलीत, उचकटायला रिमला काही लावू नका. थरथर स्टिअरिंगवरच राहिली तर चाकांचा नाद सोडा, हब बेअरिंग आणि सस्पेन्शनचे बुश तपासून घ्या.